ताईने मागितलेली पेटी

सा देक, १४ नोव्हेंबर १९९९

चि. मिएन,

आज बाजारात ताम होडीवाला भेटला. तुझी खुशाली विचारली तर दात काढत म्हणतो, "मिएन आजींना काय धाड भरलीय! पेटी करून घेतलीय त्यांनी. बाहेरच्या खोलीतच ठेवलीय." मी विचारलं, कसली पेटी? तर म्हणतो, "कसली म्हणजे? शेवटची!" माझ्या हातातली भाजी खाली पडली गं. तिथेच भाजीवालीच्या पाटावर बसले. तिने पाणी दिलं तेव्हा कुठे उभी राहिले.

अगं, एकाहत्तराव्या वर्षी स्वतःची शवपेटी घरात आणून ठेवायची? आणि तिच्याशेजारी झोपायचं? मी वर्तमानपत्रात वाचलंय, उतारवयात मनाला उदासीचा आजार जडतो, माणसाला जगावंसंच वाटत नाही. तुला तेच झालंय. तू पहिल्यापासूनच रडकी. बाबांनी होडी सोडली की तू काठावर उभी राहून म्हणायचीस, "बुडणार." बाबा म्हातारे होऊन अंथरुणात गेले, तरी तुला शहाणपण आलं नाही.

आता चांगली बातमी ऐक आणि डोळे पूस. फुओक येतोय! या तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन. एकोणीस वर्षांनी, मिएन! तो देश सोडून होडीने समुद्रातून गेला तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "ताई, गेला समज." मी म्हणाले होते, जिवंत आहे. आठ महिने पत्र नव्हतं, तरी रोज म्हणत होते. कोण खरं ठरलं?

मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली बांधायला घेतलीय. खाली फरशी, खिडक्यांना जाळ्या, आणि मुलांना सवय म्हणून खुर्चीचा संडास. गवंडी म्हणतो, बाई, दोन-चार आठवड्यांसाठी एवढा थाट? मी म्हटलं, एकदा राहिला की दरवर्षी येईल.

तूही ये सणाला. आणि ती पेटी त्या सुताराला परत कर. माझी शपथ आहे.

तुझी,
लोआनताई

—

थाप मुओय, २८ नोव्हेंबर १९९९

ताई,

शपथ घालून मोकळी झालीस! सुतार पेटी परत घेत नसतात. माझ्या मापाची आहे, दुसऱ्या कुणाला बसायची नाही. आणि बसली तरी मी देणार नाही, साव झाडाचं टणक लाकूड आहे.

चाळीस वर्षं शहरात मास्तरीण म्हणून राहून तू गाव विसरलीस. इथे सत्तरी ओलांडली की माणूस पेटी करून घेतं. आली त्या दिवशी शेजारीपाजारी चहा प्यायला आले, लाल कापड आणलं, "आजी, आता शंभर वर्षं बघायला नको" म्हणाले. पेटी तयार असली की मरण लाजतं, माहीत नाही का तुला? आई सोळा वर्षं आपल्या पेटीवर बसून सुपारी कातरत होती. मी तिच्यात भात भरलाय. उंदरांचा बंदोबस्त झाला. एवढा उपयोग तुझ्या खुर्चीच्या संडासाचा होतो का बघ.

मी उदास नाही. मला फक्त कशाचा भरवसा वाटत नाही. दोन्हींत फरक आहे. जेवते पोटभर, झोपते कोंबडा आरवेपर्यंत.

आता फुओकचं. तू विचारलंस म्हणून नाही, माझ्या जिभेला हाड नाही म्हणून सांगते. तो येईल. चार दिवस राहील. मुलांना डास चावतील, सुनेचं पोट बिघडेल, आणि तुझ्या खोलीत शेवटी तुझी शेजारीण न्युंग शिंपीण कापडाचे तागे ठेवेल. फरशी बसवायच्या आधी सांगितलं, नंतर म्हणू नकोस.

सणाला येणार नाही. बदकं कुणाच्या गळ्यात घालू?

मिएन

—

सा देक, २० फेब्रुवारी २०००

चि. मिएन,

आला गं आला! किती जाडा झालाय! केस मागे सरकलेत, अगदी ह्यांच्यासारखे. दारात आला आणि "मा" म्हणाला. ते एकच अक्षर मी एकोणीस वर्षं ऐकलं नव्हतं. मला रडूच आवरेना, तोच मला थोपटत होता.

सगळं छान झालं. मुलं गोड आहेत. आपली भाषा येत नाही त्यांना, पण मान लववून नमस्कार केला, बापाने शिकवलं होतं. नारळपाण्यातलं डुकराचं मटण आणि अंडी केली होती, कारल्याचं सार केलं होतं. सुनेने सार थोडं चाखलं. तुझं एक मात्र खरं झालं, धाकट्याला डास फार चावले. म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते हॉटेलात राहिले. तिथे थंड हवेचं यंत्र आहे, बरंच झालं. फुओक रोज तासभर येऊन जायचा. पाचव्या दिवशी निघाले, मुलांना समुद्र बघायचा होता.

खोली त्याला फार आवडली. बघायला पूर्ण वेळ झाला नाही, पण दारातून बघून म्हणाला, "मा, कशाला एवढं?" त्याच्या आवाजावरून मी ओळखलं, त्याला आतून किती बरं वाटलं ते.

मी म्हटलं, पुढच्या तेतला महिनाभर राहा. तो म्हणाला, "बघू, मा." म्हणजे येणार. त्याच्या बाबांचंही "बघू" म्हणजे होच असायचं. जाळ्या आणखी बारीक बसवून घेते. आत्तापासून कामाला लागले तर सगळं नीट होईल.

तुझी पेटी कशी आहे? बघ, मी आता तिच्यावर विनोदही करायला लागले!

लोआनताई

—

थाप मुओय, १२ ऑक्टोबर २०००

ताई,

सहा महिन्यांत तुझी दोन पत्रं. एकात तीन ओळी, दुसऱ्यात दोन. आधी तू वीस पानं लिहायचीस तेव्हा वाचून डोळे दुखायचे. आता मी ताम होडीवाल्याला विचारते, "पत्र?" तर तो नुसती मान हलवतो. काय, जाळ्या विणतेस का स्वतःच?

इकडची हकीकत: पाणी आलं. असं पाणी मी जन्मात पाहिलं नाही. चुलीवरून गेलं, देव्हाऱ्याला लागलं. पलंगावर पलंग रचून वर बसले होते. ऐंशी बदकं गेली. मागची पडवी गेली. भात पिवळा होत आला होता, सगळा पाण्याखाली. शेजारच्या हान्हचा रेडा डोळ्यांसमोर वाहत गेला, ती काठी हलवत त्याला हाका मारत होती.

आणि माझी पेटी! पलंगावर चढवली होती, तिला पाणी लागलंच नाही. आतला भात कोरडा ठणठणीत. अख्ख्या गल्लीने तीन आठवडे माझ्या पेटीतून जेवण केलं. कोंबड्या झाकणावर बसल्या होत्या, त्यांनी तिथेच अंडी घातली. लोक रडत होते आणि मला हसू येत होतं. हान्ह चिडली, म्हणाली, "आजी, सगळं गेलं आणि तुम्ही हसता?" मी म्हटलं, "बाई, मी दरवर्षी म्हणते यंदा सगळं जाणार. एकदा तरी खरं ठरू दे की!"

आता चिखल उपसतेय. बदकांची पिल्लं सांगितलीत. ती पण मरतील म्हणा. पण सांगितलीत.

तू बरी आहेस ना?

मिएन

—

सा देक, ३ नोव्हेंबर २०००

मिएन,

तुझ्या बदकांचं वाचून वाईट वाटलं. वाटायला हवं होतं, असं म्हणते. वाटलं की नाही ते मला नीट सांगता येत नाही.

फुओकचं पत्र ऑगस्टमध्ये आलं होतं. तेतला ते येत नाहीत. पुढेही कधी, ते सांगता येणार नाही म्हणतो. लिहितो, "मा, तू प्रत्येक पत्रात वाट बघते असं लिहितेस. त्याचं मला ओझं होतं. तू वाट बघू नकोस." बरोबरच आहे त्याचं. मुलाला आपलं ओझं होऊ नये.

तुझं सगळं खरं ठरलं. खोलीत न्युंगचे तागे आहेत.

एक मागायचं आहे. तुझी पेटी मला दे. तू दुसरी करून घे. मी आजवर तिला नावं ठेवली, आता मला ती आपल्या घरात असावीशी वाटते. आपली उंची सारखीच आहे. ताम आणून देईल. लवकर मिळाली तर बरं.

लोआन

—

थाप मुओय, १५ नोव्हेंबर २०००

ताई,

तुझं पत्र वाचून मी चकित झाले! दोनदा वाचलं, मग हान्हला वाचायला लावलं, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. माझी लोआनताई, जिला आभाळात ढग आला तरी ऊनच दिसायचं, ती पेटी मागतेय! चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, अक्कल आली. हान्ह म्हणाली, "मास्तरीणबाई शेवटी आपल्यातल्या झाल्या."

फुओकचं ऐकून वाईट वाटलं, पण मनातून मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? आता तू वाट बघणार नाहीस. वाट बघणं संपलं की माणूस जेवायला मोकळं होतं.

तेव्हा पेटी पाठवतेय. धाकट्या बहिणीकडून थोरल्या बहिणीला. भात काढला, आतून पुसली, दोन दिवस उन्हात ठेवली. झाकणावर लाल कापड आणि दीर्घायुष्याचं अक्षर लिहिलेला कागद लावलाय. आत नव्या तांदळाची पिशवी आणि वाळवलेले मासे ठेवलेत. चार माणसांना हाक मार आणि चहा पाज. पेटी आली की घर आनंदात असावं लागतं, रडायचं नसतं.

माझ्यासाठी दुसरी सांगितलीय. आता आपण दोघी बरोबरीच्या. शंभरी गाठू आणि भांडू.

मिएन

—

सा देक, २४ नोव्हेंबर २०००

मिएन मावशी,

मी न्युंग, बाईंच्या शेजारची शिंपीण. त्यांच्याच शाळेत शिकले. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

मावशी, काय केलंत तुम्ही? काय पाठवलंत?

बाई दोन महिन्यांपासून जेवत नव्हत्या. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. मी कांजी नेली की दोन घास घ्यायच्या, माझं मन राखायला. विचारलं की म्हणायच्या, "पावसाळी थकवा गं." मला वाटलं वय झालं. त्यांनी मला शपथ घातली होती, तुम्हाला कळवायचं नाही.

काल दुपारी ताम काकांनी पेटी आणली. लाल कापड बघून गल्लीतली पोरं पाठोपाठ आली. आणि बाई उठल्या! स्वतः उठल्या, अंघोळ केली, केस विंचरले. मी मनात म्हटलं, बहिणीची भेट आली आणि बाईंच्यात जीव आला. मी आनंदाने घरी जाऊन कांजी गरम करायला लागले.

परत आले तर बाई पेटीत झोपल्या होत्या. शाळेत घालायच्या तो पांढरा पोशाख अंगावर. हात छातीवर. डोळे उघडे. तुमच्या तांदळाची पिशवी आणि मासे नीट टेबलावर काढून ठेवलेले. मला म्हणाल्या, "न्युंग, झाकण लाव बाळ. जड आहे, मला आतून ओढवत नाही." फळा पुसायला सांगायच्या ना, तशा आवाजात सांगितलं.

मी किंचाळले. गल्ली गोळा झाली. त्यांना उचलून इस्पितळात नेलं, उचलताना कळलं, अंगात काहीच राहिलं नाहीये. सलाईन लावलंय. त्या कुणाशी बोलत नाहीत. मिळेल त्या बोटीने या.

न्युंग

—

सा देक, १० डिसेंबर २०००

फुओक,

मी मिएन मावशी. तुझा पत्ता तुझ्या आईच्या उशाखाली मिळाला.

तुझी आई जिवंत आहे, हे आधी सांगते. आता बाकीचं बसून वाच. तिने जेवण सोडलं होतं. तिला मरायचं होतं, आणि त्यासाठी तिने माझ्याकडे पेटी मागितली. मी तिला लाल कापड लावून पेटी पाठवली. अभिनंदन केलं. चौदा दिवस मी तिच्या खाटेशी बसलेय आणि त्या पत्रातला माझा शब्द न् शब्द मला पाठ आहे. तुला शिव्या देणार होते, पण माझीच जीभ आधी कापायला हवी.

डॉक्टर पोरगेली बाई आहे. मी तिला म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय. हा उदासीचा आजार माझ्या वाट्याचा. जन्मभर वाईट चिंतत आले ती मी. ही तर हसरी." ती म्हणाली, "आजी, इतकं सरळ गणित नसतं. वाईटच होणार म्हणणारी पुष्कळ माणसं खचतात. पण सगळं चांगलंच होणार म्हणून जगलेल्या माणसाला उतारवयात मोठा फटका बसला, तर कधीकधी तोही असा कोसळतो. आणि तो हसरा म्हणून कुणाला संशयच येत नाही." मला आला नाही. सख्ख्या बहिणीला आला नाही.

तू ओझं होतं म्हणून लिहिलंस. होत असेल. तुझंही खोटं नाही, एकोणीस वर्षं कुणीतरी रोज आपली वाट बघतंय हे पाठीवर घेऊन जगणं सोपं नसणार. पण आता ऐक. "येतो" म्हणून तिला लिहू नकोस. "बघू" तर अजिबात नको. यायचं असेल तर न सांगता दारात उभा राहा. नाही आलास तर पत्र लिही, दर पंधरा दिवसांनी, त्यात आज काय जेवलास, पोरगं कुठे धडपडलं एवढंच लिही. झालेलं लिही, होणारं लिहू नकोस.

पेटी मी देवळात दिली. पुरात सगळं गमावलेल्या एका गरीब बाईला तिच्यातून पोचवलं. माझी दुसरी सांगितली होती, ती नको म्हणून कळवलंय.

मिएन मावशी

—

सा देक, १८ फेब्रुवारी २००१

मिएन,

तू गावी जाऊन अकरा दिवस झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहा. मी पाटी कोरी ठेवत होते. आज तुला लिहिते.

गोळ्या घेते. तोंड कोरडं पडतं. न्युंग सकाळी अंगणात खुर्ची टाकते, मी बसते. कालपासून कांजीत मीठ कमी आहे हे कळायला लागलं. फुओकचं पत्र आलं, मुलाचा दात पडला म्हणतो. पत्र वाचून झाल्यावर मी पाकीट उलटं करून पाहिलं, आणखी काही आहे का. मग माझीच मला लाज वाटली.

आता जे लिहिते ते मी आयुष्यात लिहिलेलं नाही. मला वाटत नाही की सगळं ठीक होईल. मला वाटत नाही की तो परत येईल. मी बरी होईन असंही वाटत नाही. आणि हे लिहिताना हात कापत नाहीये, त्याचीच भीती वाटते.

तू अशीच जगत आलीस का गं, बहात्तर वर्षं? रोज? आणि मी तुला रडकी म्हणत राहिले? मला सांग, हे असं वाटत असताना तू सकाळी उठतेस कशी?

लोआन

—

थाप मुओय, ६ मार्च २००१

ताई,

तुझं पत्र वाचलं. नाही गं ताई. असं नाही. मी अशी एक दिवससुद्धा जगलेले नाही. मला वाटतं यंदा पीक बुडेल, पण भूक लागते. वाटतं बदकं मरतील, पण त्यांना हाका मारायला घसा शाबूत असतो. तुला जे होतंय ते माझ्या ओळखीचं नाही. मला वाटायचं मी तुझ्यापेक्षा खोल पाण्यात उभी आहे. मी तर काठावर बसून पाण्याला नावं ठेवत होते.

तेव्हा उठायचं कसं हे मला विचारू नकोस, मला माहीत नाही. सगळं ठीक होईल असंही लिहिणार नाही, तुला खोटं कळेल. उद्याचा दिवस बहुतेक वाईटच जाईल. परवाचाही. गोळी मात्र घे. मीठ कमी असेल तर न्युंगला रागाव.

आता माझं ऐक, हे कुणाला सांगू नकोस. तुझं हे पत्र वाटेत अडकलं होतं, सोळा दिवसांनी हातात पडलं. मधल्या दिवसांत पहिल्यांदा मी ताम आला की नुसती विचारायचे. मग धक्क्यावर जाऊन उभी राहायला लागले. मग तो यायच्या आधीपासून जायला लागले. हान्ह म्हणाली, "आजी, बदकं उपाशी आहेत." मला ऐकूच आलं नाही. ताई, मी मनात म्हणत होते, आज येईल. मी! आज नाही तर उद्या नक्की येईल, बरी असेल, म्हणूनच वेळ लागतोय. परवा ताम होडीतूनच "नाही" म्हणून हात हलवत आला आणि मी धक्क्यावरच बसले. दोघांनी धरून घरी आणलं. जेवण गेलं नाही. रात्रभर छातीवर कुणी बसल्यासारखं.

हे तू एकोणीस वर्षं केलंस? रोज? आणि वर दुसऱ्यांना हसून चहा दिलास? मी एवढी वर्षं तुला भोळी समजत होते. मला सोळा दिवस जमलं नाही.

माझ्याने वाट बघवणार नाही, ताई. बदकं हान्हला दिली, घराला कडी घातली. मी होडीत बसून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. दार उघड, मीच देते.

मिएन